डबल बेल

अक्कलकोटहून गाडी सुटायच्या वेळेला सिद्धेश्वरीनं चढणारी एकेक बाई नीट न्याहाळली. कंडक्टर झाल्यापासून इतक्या कुतूहलानं तिनं प्रवासी कधी बघितले नव्हते!

सकाळीच गुरुशांतचा फोन आला होता. "आई आज तुझ्या गाडीला येतेय. कंडक्टर लई माजोरी असतात म्हणते. ओळख न देता तुला बघणार, मगच लग्नाचं बोलणार."

"चढणार कुठनं?"

"ते मलाबी सांगंना."

या एका होकारासाठी दोघं कधीचे ताटकळले होते.

पुढच्या बाकावर इरकल नेसलेली एक बाई बसली होती. तिची नजर काही सिद्धेश्वरीवरून हलेना. तिकीट घेताना तिनं विचारलंच, "नाव काय गं तुझं? कुणाची तू?"

झालं! हीच ती, सिद्धेश्वरीनं ओळखलं.

"सिद्धेश्वरी, अव्वा. होटगीच्या मल्लप्पांची."

"लगीन झालंय?"

"अजून न्हाय," ती लाजून म्हणाली.

मग काय विचारता, अव्वांची बडदास्त सुरू झाली. पिशवी वर ठेवली, उन्हाची खिडकी लावून दिली, स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. मागून कुणीतरी खवचटपणे म्हणालं, "आमालाबी पाणी मिळंल का, मॅडम?" सिद्धेश्वरीला त्याचा रागसुद्धा आला नाही.

"किती थांबे घेता गं बाई!" अव्वा कुरकुरल्या. "उशीर होतोय की."

चिंचेच्या थांब्यावर माणसं उतरली. शेताच्या वाटेनं एक बाई हात वर करून पळत येत होती. ड्रायव्हर प्रभुअण्णांनी मान वळवली. "बाई येतीय. थांबू?"

एरवी सिद्धेश्वरी थांबलीच असती. तिनं अव्वांकडं बघितलं. अव्वांच्या कपाळाला आठी होती.

"मागनं दुसरी गाडी हाय की," ती म्हणाली आणि तिनं दोरी दोनदा ओढली.

सोलापूरच्या स्टँडवर उतरताना अव्वांनी तिच्या गालावरून हात फिरवला. "गुणाची हायस. चांगलं सासर मिळंल बघ." सिद्धेश्वरीनं वाकून नमस्कार केला. तिला हसू आवरेना.

तेवढ्यात गुरुशांतचा फोन आला.

"पास झाले ना मी?" तिनं उचलल्या उचलल्या विचारलं.

"आई चिंचेच्या थांब्यावर उभी हाय," तो म्हणाला. "पळून पळून दम लागलाय तिला."