देवाजीची नोकरी

फोन देवाजीच्या खिशात टिणकन वाजला, आणि देवाजीनं तो काढला नाही.

समोर बायको कौसल्या उभी होती आणि पोरगी मेघा. सरकारनं नवा नियम काढला होता. बायकांच्या खात्यात दर महिन्याला येणारे पैसे चालू ठेवायचे, तर नवऱ्याचंही आधार जोडायचं. नवऱ्याच्या मोबाइलवर आकडे येतात, ते सांगायचे, झालं काम. मेघानं आपल्या फोनवर बाकी सगळं भरून ठेवलं होतं. राहिले होते तेवढे आकडे, आणि ते बापाच्या खिशात बसले होते.

बाप खर्रा घोटत होता. पन्नीतली सुपारी न् तंबाखू असा रगडत होता, की जणू जगातलं सगळं काम त्याच्याच अंगावर पडलंय.

"माया नावावर भीक नाही मागाची," तो म्हणाला. "मी कमावता माणूस आहो."

कमावता! ऐका आता या कमावत्याची कमाई.

दोन वर्षांपूर्वी कोराडीच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे राख उपसायच्या कामावर होता. ठेकेदारानं माणसं कमी केली, त्यात हा गेला. असे पुष्कळ गेले. बाकीच्यांनी हातपाय हलवले, कोणी ऑटो धरला, कोणी विटा वाहिल्या. यानं काय केलं? भिंतीकडे तोंड करून खाट धरली. कौसल्या कापसाला, संत्र्याला, मिळेल त्या कामाला जात होती आणि हा ताट सरकवून देत होता. बोलणं नाही, आंघोळ नाही. मेघाला रामदासपेठेतल्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला घेतलं, त्या दिवशीही यानं मान वळवली नाही. कौसल्यानं मात्र तेव्हापासून घरातला दोर शेजारणीकडे नेऊन ठेवला होता.

मग एक दिवस गावातले नत्थूजी स्वतः दारात आले. त्यांची संत्र्याची बाग. बागेच्या कडेला जुनं टिनाचं शेड आहे, राखणीला भरवशाचा माणूस पाहिजे, म्हणाले. झालं! स्वारी उठली, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट मागितला.

शेडात होतं काय? एक जळालेली मोटर, उंदरांनी कुरतडलेले ठिबकचे पाइप आणि बसायला खाट. दाराला कुलूप नव्हतं, कारण दारच उरलं नव्हतं. पण देवाजी डबा घेऊन वेळेवर जायचा, काठी आपटत शेडाभोवती फिरायचा आणि मग दिवसभर खाटेवर बसून शहाणपण पाजळायचा. समोरच्या पांदणीनं कामाला जाणाऱ्या बायका दिसल्या की याला चेव यायचा. सरकारनं बायकांना आळशी करून टाकलं, फुकटाची चटक लावली, घाम न गाळता खाणाऱ्याला लाज कशी वाटत नाही, असं तो खाटेवर लोळत सांगायचा.

बायकांचे पैसे उशिरा आले की त्याला गुदगुल्या व्हायच्या. नत्थूजींचा पगारही कधी महिन्याच्या सुरुवातीला व्हायचा, कधी पार शेवटी. पण ती गोष्ट वेगळी. मोठ्या बागायतदाराचं असंच असतं, देवाजी समजावून सांगायचा. पगार थोडका होता, पण तो हातात पडला की हा चौकातून जिलेबीचा पुडा आणायचा आणि कौसल्यापुढे ठेवायचा. कष्टाची जिलेबी आहे, खाऊन पाहा, म्हणायचा. ती बिचारी खायची.

तिच्या पैशांचं काय होतं, हे मात्र कोणालाच दिसत नव्हतं. खात्यात आले की ती पिशवी घेऊन बँकेत जायची आणि संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन परत यायची. घरात नवा गंज नाही की भांडं नाही, अंगावर नवं लुगडं नाही. शहरात नंदनवन भागात तिचा भाऊ राहतो, त्याचं घर भरून राहिली, असं देवाजीनं ठरवून टाकलं आणि पानठेल्यावर सांगून मोकळा झाला. कौसल्यानं कधी खुलासा केला नाही. मेघानं एकदा तोंड उघडलं होतं, पण आईनं डोळे वटारले.

आज मात्र कौसल्या खाली बसली, पार त्याच्या पायाशी.

"आकडे सांगा ना, मेघाचे बाबा. मी मायासाठी नाही मागून राहिली."

"मले का समजत नाही? भावासाठी मागून राहिली तू."

"भावाची शपथ घेते. पण सांगा. नाही त तुमालेच जड जाईन."

देवाजीनं खर्रा गालात धरला, फोन काढला आणि बंद करून पुन्हा खिशात टाकला. मेघा रडत आत गेली. पुढेही दोघींनी पुष्कळ विनवण्या केल्या. आधार जोडायची मुदत गेली तसा देवाजीनं मिशीवरून हात फिरवला. बायकोची मिजास उतरवली, असं चार जणांना सांगितलं.

पुढच्या खेपेला गावातल्या बायकांचे फोन वाजले, कौसल्याचा वाजला नाही. देवाजी त्या दिवशी फार खुशीत होता.

नत्थूजींचा पगारही आला नाही. देवाजीनं वाट पाहिली. मोठा माणूस, विसरला असेल. शेवटी तो स्वतःच बागेत गेला. नत्थूजी संत्री क्रेटमध्ये भरून घेत होते. याला पाहून त्यांनी मजुरांना पलीकडे पाठवलं.

"उद्यापासून नको येऊ गा, देवाजी."

"काहून, भाऊ? माया राखणीत पाइपाचा तुकडा तरी गेला का?"

नत्थूजी हातातलं संत्रं उगाच पुसत राहिले.

"दर महिन्याले तुया पगार कौसल्याबाई आणून देत होती, गा. आता तिचेच बंद झाले, त मी तुले कुठून देऊ?"