बिरूचं इंग्रजी

टीव्हीवरच्या बाईनं बाटली तोंडाला लावली आणि बिरू पहिलं खोटं बोलला.

“काय पियाली रं ती?” त्याच्या वडलांनी, आप्पांनी विचारलं होतं.

“औषध. खोकला झालाय तिला. गाणाऱ्या माणसाला घसा लई जपावा लागतो, आप्पा.”

आप्पांनी मान हलवली. बिरूच्या जिवात जीव आला. पण बाटली मोठी होती, आणि बाई ती संपवूनच थांबली.

रविवारची दुपार होती. उजेड नको म्हणून दाराला आप्पांचं घोंगडं लावलं होतं. बिरू चितेगावच्या कारखान्यात टीव्हीची खोकी बांधायचा. त्याचं इंग्रजी त्या खोक्यांवर छापलेलं तेवढंच. कुठली बाजू वर ठेवायची आणि काय सांभाळून उचलायचं. घरात मात्र तो साहेबाशी इंग्रजीत बोलतो असा समज होता, आणि बिरूनं तो कधी मोडला नव्हता.

हा सगळा खटाटोप बायकोसाठी होता. कस्तुरा जात्यावर बसून ओवी म्हणायला लागली की शेजारच्या बाया हातातलं काम टाकून भिंतीला कान लावायच्या. बिरूला तर तिच्या आवाजाचं वेडच होतं. त्यानंच पत्र लिहिलं आणि औरंगाबादच्या रेडिओनं तिला गायला बोलावलं. दोनदा तारीख ठरली, दोनदा नामांतराच्या बंदमुळं एसटी निघाली नाही. आता उद्याची तारीख होती, एसटी चालू होती आणि आप्पा आडवे आले होते. “गाणारी बाई घराभाईर पडली की तिचं वाटोळं व्हतंय,” एवढंच ते म्हणाले. त्यांचा शब्द घरात कुणी मोडत नसे.

मराठी पिक्चर दाखवून उपयोग नव्हता. त्यात गाणाऱ्या बाईला शेवटी सवत तरी मिळते नाहीतर विहीर. म्हणून बिरूनं विलायती मागितला. अमेरिकेत जाझ गाणारी एक मोठी बाई होऊन गेली, तिच्या आयुष्यावरचा आहे, असं व्हिडिओवाला म्हणाला. कव्हरवर ती माइकपुढं हसत होती. म्हणजे बाईचं चांगलंच झालं असणार, असं धरून बिरू कॅसेट घेऊन आला. आधी स्वतः बघावी, एवढं काही सुचलं नाही. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

“जाझ म्हंजी काय?” आप्पांनी सुरुवातीलाच विचारलं होतं.

“तिकडची ओवी,” बिरू म्हणाला होता. ते खोटं की खरं, हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

व्हीसीआर मोतीरामनं आणून जोडला होता. तो बिरूच्याच पाळीत कामाला, राहायला बौद्धवाड्यात. कारखान्यात दोघं एका डब्यात जेवायचे. पण गाव ते गाव, त्यातून नामांतराचे दिवस. मोतीराम आपला उंबऱ्याबाहेर बसून घोंगड्याच्या फटीतून बघत होता.

टीव्हीवर बाई एका झकपक हॉटेलात गायला निघाली. दारावरच्या गोऱ्या माणसानं त्या काळ्या बाईला अडवलं आणि मागं बोट दाखवलं.

“मागल्या दारानं का चालली?”

“पुढल्या दाराला रंग दिलाय. वला हाय.”

आप्पा उठले. त्यांनी घोंगडं बाजूला सारलं. “मोतीराम, तिथं काय बसला? आत ये. हितं बस, सतरंजीवर.”

मोतीराम बिरूकडं बघत राहिला. मग चपला काढून आत आला आणि आप्पांच्या शेजारी बसला. पिक्चर आप्पांना आवडलेला दिसतोय, असं बिरूला वाटलं.

पुढं मात्र बिरूची दमछाक झाली. नवऱ्यानं बाईच्या थोबाडीत मारली. बिरू म्हणाला, डास बसला होता. तिनं दंडात सुई टोचून घेतली. बिरू म्हणाला, ताकदीचं इंजेक्शन. पोलिसांनी तिला गाडीत घातलं. बिरू म्हणाला, सत्काराला मंत्र्यानं गाडी धाडली. मोतीरामनं तोंडाला रुमाल लावला.

मग बाई डोळे मिटून गायला लागली. आता सांगण्यासारखं काही नव्हतं. सासऱ्यापुढं बसायचं नाही म्हणून कस्तुरा आत डाळ निवडत होती. तिनं तो सूर अलगद उचलला. शब्द नव्हते, नुसता सूर. आप्पांची नजर टीव्हीवरून स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली आणि तिथंच राहिली.

शेवटी बाई खाटेवर पडली होती. कुणीतरी तिच्या तोंडावरून पांढरी चादर ओढली.

“तिकडं थंडी लई,” बिरू म्हणाला. “झोपली.”

“बिऱ्या, मेली ती.”

बिरूचा चेहरा पडला. “आप्पा, तुमाला इंग्रजी…”

“चाळीस वर्सं मेंढरं राखली म्या. कुठल्या मेंढराला काय दुखायलं, ते मला त्यानं तोंडानं सांगितलं व्हय?”

संपलं, असं बिरूला वाटलं. कस्तुरा दारात येऊन उभी राहिली. सूप हातात तसंच होतं.

“मग उद्याचं ऱ्हाऊ द्यायचं का, मामा?”

“तिचं वाटोळं गाण्यानं नाय झालं, पोरी. गात व्हती तवाच तेवढी जित्ती व्हती. भवतालच्या बाप्यांनी मारली तिला. नवरा तर पयल्यापासून खोटं बोलत व्हता, ह्या आपल्या बिऱ्यावाणी.”

मोतीरामला हसू आवरेना. आप्पांनी घोंगडं काढून खांद्यावर टाकलं. घरभर ऊन आलं.

“ह्याला उद्या कामावर जाऊ दे. तुझ्यासंगं मी येतो. आन् रेडिओत पुढच्या दारानंच जायाचं.”