बॅरिस्टरची रोजची फी

"अक्का, दोनशे पुरे झाल्याशिवाय साहेब आज उभे राहणार नाहीत," भिकन कारकून म्हणाला.

धुळ्याच्या सेशन कोर्टाच्या व्हरांड्यात म्हातारीने पदराची गाठ पुन्हा सोडून पाहिली. एकशे साठच होते.

त्रेपन्न सालचा तो खुनाचा खटला अकराव्या दिवसात गेला होता. मुंबईच्या बॅरिस्टरसाहेबांनी आधी हजार रुपये घेतले होते. त्यावर खटला चालेल तितके दिवस रोजचे दोनशे, तेही कोर्टात पाऊल टाकण्याआधी. वसुली भिकनकडे. आरोपी जीवराम सोनगीरचा. त्याच्या मामाने पाच दिवस पैसे भरले, सहाव्या दिवशी तो उगवलाच नाही. साहेब सामान बांधायला निघाले, तेव्हा ही म्हातारी पुढे आली. आईच असणार. भिकनने नावही विचारलं नाही.

तिने पाटल्या विकल्या, मग गळ्यातली एकदाणी. धुळ्यात कोणी ओळखेल म्हणून जळगावला जाऊन. आत मात्र ती कधी बसली नाही; तिला रोज सोनगीरहून घेऊन येणारा चुडामणच मागच्या बाकावर बसे. पिंजऱ्यातला पोरगा कुठल्या आईला बघवेल?

न राहवून भिकन साहेबांना म्हणाला होता, "जरा लवकर आटपा. बाई पार नागवली गेली."

"मी दोन प्रश्न कमी विचारले आणि पोरगा फासावर गेला, तर तिच्या पाटल्या काय कामाच्या?" साहेब म्हणाले होते.

आता म्हातारीने त्याचा हात धरला. "भाऊ, सुटी जाई ना तो?"

भिकनला खोटं बोलवेना. "कठीण आहे, अक्का. सगळं आजच्या साक्षीवर आहे."

"त्यानी काहीच करेल नही. मी मन्हा डोयानी देखेल शे."

पोराने काही केलं नाही, डोळ्यांनी पाहिलंय, असं प्रत्येक आरोपीची आई म्हणते. पण तिचे ओठ पांढरे पडले होते. भिकनने किराण्यासाठी ठेवलेले चाळीस रुपये खिशातून काढून तिच्या पैशांत मिसळले आणि तो आत गेला. साहेबांनी नोटा न मोजता झग्याखाली सारल्या.

दारात पट्टेवाल्याने पुकारा केला, "पुष्पाबाई हाजिर है?"

म्हातारी आत आली. भिकन तिला थांबवायला अर्धवट उठला. चुकून आली, त्याला वाटलं. ती सरळ साक्षीदाराच्या कठड्यात जाऊन उभी राहिली. शपथ झाली.

सरकारी वकिलांनी विचारलं, "मयत भटू तुमचा कोण?"

"धाकला पोऱ्या."

भिकन पुन्हा खाली बसला. म्हणजे ही जीवरामची आई नव्हती, मयताची होती. बॅरिस्टर मान वर न करता कागद चाळत राहिले.

"घाबरू नका, बाई," सरकारी वकील पिंजऱ्याकडे बघत म्हणाले. "पोलिसांना सांगितलंत तेच सांगा. त्याला कोणी मारलं?"

म्हातारीने जीवरामकडे पाहिलंच नाही. ती मागच्या बाकाकडे बघत होती. तिथे चुडामण बसला होता.

"मन्हा मोठा पोऱ्यानी," ती म्हणाली.