हजार वर्षांनंतरचं ग्वाल्हेर

“पण यात मुख्य माणूस कोण?” महिपतरावांनी विचारलं.

ग्वाल्हेरच्या खासगी बाजार पेठेत मराठी वाचक मंडळाची बैठक होती. मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या शालिनीताई दर रविवारी आपली कादंबरी वाचून दाखवत होत्या. ती आज संपली. त्यात हजार वर्षांनंतरचं ग्वाल्हेर ढगांवर तरंगतं. माणसं शिडं लावून शहर हाकतात, पाऊस वाटून घेतात, एकमेकांची फाटलेली स्वप्नं सांधून देतात. पात्रं साठ-सत्तर. बळवंत वकिलांना सगळंच अजब वाटलं. सुधाताईंच्या लक्षात नावंही राहिली नाहीत. शेवटचं मत अध्यक्षांचं, म्हणजे महिपतरावांचं.

महिपतराव दरबारात कारभारी होते. संस्थान मध्यभारत राज्यात विलीन झालं, तेव्हा त्यांचं खातंच मोडीत निघालं. आता मध्यभारतही मोडत होता आणि कचेऱ्यांची कपाटं भोपाळला चालली होती. महिपतराव मात्र अजून रोज सकाळी अचकन चढवून गोरखीतल्या जुन्या कचेरीपर्यंत जात, जरा वेळ थांबत आणि परत येत. घरात त्यावर कोणी बोलत नसे.

मुख्य असं कोणी नाहीच, शालिनीताई म्हणाल्या. सगळे मिळून शहर चालवतात.

महिपतरावांनी राजवाड्याची चौकशी केली. राजवाडा होता. त्याच्या गच्चीवर लोक शिडं वाळत घालत. मग महाराजांचं काय झालं? तेही होते. नवव्या प्रकरणात शिडं शिवत बसलेला म्हातारा म्हणजे तेच. त्यांना कोणी ओळखत नाही आणि ते मजेत आहेत.

मंडळी हसली. महिपतराव हसले नाहीत.

“आणि त्यांचा कारभारी?”

शालिनीताई पहिल्यांदाच अडखळल्या.

“त्याचं काय करावं, ते माझ्या समजेत आलं नाही, काका. तो अजून राजवाड्याच्या देवडीवर उभा आहे. त्याला ‘जा’ म्हणायला तिथे कोणी उरलंच नाही.”

बळवंत वकील खिडकीबाहेर बघू लागले. महिपतरावांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि शालिनीताईंपुढे धरलं.

“लिहा,” ते म्हणाले. “तो घरी गेला. कोणाला न विचारता.”