कोपरा चावलेला बेडूक

'कोपरे धारदार, एकही ओरखडा नाही, जणू आजच पाकिटातून काढलेलं.' विक्रेत्याने एवढं कौतुक लिहिलं होतं, आणि कवळीवाल्याने ते कार्ड बघून न बघितल्यासारखं केलं. पुढचं उघडलं. तेही कोरं करकरीत. तेही नको.

त्याच्या टेबलावर एका बाजूला प्लॅस्टरचे जबडे वाळत पडलेले असायचे, दुसऱ्या बाजूला मोबाइल. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे, हा कवळ्या करून द्यायचा. मेण गरम होईपर्यंत तो कार्डांच्या साइटवर डोकावायचा. खेळाची जुनी कार्डं तिथे विकायला मांडलेली असायची. सोनेरी ड्रॅगनसाठी लोक एकमेकांच्या उरावर बसत. याला हवा होता उडता बेडूक, ज्याला कुत्रंही विचारत नव्हतं.

बायको चहा घेऊन आली आणि खांद्यावरून वाकून बघू लागली.

"हा बघ ना, नवाकोरा. चहाच्या पैशात येतोय. घे आणि लाव एकदाचा अल्बममध्ये."

"तो टिकलीचा नाही."

टिकली म्हणजे त्यांची मुलगी. चौथीत असताना गेली. तिच्या अल्बममधले सगळे खण भरलेले होते, एक सोडून. वर्गात कार्डांची अदलाबदल चालायची आणि मग भांडणंही व्हायची, म्हणून टिकली आपल्या प्रत्येक कार्डाचा कोपरा चावून ठेवायची. वरचा एक दात तिरका होता, त्यामुळे तिची खूण दुसऱ्या कुणाच्या खुणेत मिसळत नसे.

"अगं, अशाने कार्डाला कवडीसुद्धा मिळणार नाही," बाप ओरडायचा.

"विकायचंय कुणाला?" ती म्हणायची.

तो दात सरळ करायला तार बसवायची होती. त्यासाठी घेतलेला तिच्या दातांचा साचा अजून फळीवर होता. तार राहूनच गेली.

"दिला असेल तिने कुणालातरी," बायको म्हणाली. "पोरांचं काय, आज हे, उद्या ते."

"असेल."

"आणि सापडल्यावर तरी झोप लागणार आहे का तुला?"

त्याने उगाचच मेण ढवळलं. चहा तसाच निवला.

बेडूक विकणाऱ्या प्रत्येकाला तो तेच विचारायचा. कार्ड कुठून मिळालं? पोस्टाने नको, मी स्वतः येतो. तुमच्याकडे गाडी आहे का? लोक वैतागत. 'एका बेडकासाठी गाडी कशाला, उडत येईल की,' असं एकाने लिहिलं. बहुतेक जण उत्तरच देत नसत.

मग एका सकाळी ते कार्ड दिसलं.

'खालचा डावा कोपरा चावलेला, दातांची खूण स्पष्ट. मागे पाण्याचा डाग. त्यामुळे किंमत नाममात्र.' सोबत कोपऱ्याचा मोठा करून काढलेला फोटो. त्याने फळीवरचा साचा मोबाइलशेजारी धरला. तोच तिरका दात. त्याला भडभडून आलं. बायको ऐकेल म्हणून त्याने तोंडात रुमाल कोंबला.

विक्रेत्याचं उत्तर लगेच आलं. 'गाडी होती. डोळे अधू झाले, काढून टाकली. तुम्हीच या.'

दार एका म्हाताऱ्याने उघडलं. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. घरात दुसरं कुणी नव्हतं. खोलीभर कार्डांचे खोके, आणि खोक्यांवर सुबक अक्षरात चिठ्ठ्या.

"नातवाचं वेड," तो हसत म्हणाला. "नातू मोठा झाला, परदेशी गेला. वेड माझ्याकडे राहिलं. बसा."

त्याने कार्ड नाकाला लावलं, भिंगातून निरखलं आणि मग पुढे केलं.

"लोक दोष लपवतात हो. मी नाही लपवत. सुईएवढा ओरखडा असला तरी लिहितो. आजवर एकानेही मला खोटं पाडलेलं नाही."

"दिसतं आहे ते," कवळीवाला म्हणाला.

"कुणासाठी नेताय?"

"मुलीसाठी."

"केवढी आहे?"

"चौथीत."

"मग पैसे ठेवा खिशात. लेकराकडून काय घ्यायचे!"

कवळीवाल्याने खिशातून रुमालात गुंडाळलेला साचा काढला. कार्डाचा कोपरा त्या छोट्या दातांमध्ये सरकवला. तिरक्या दातापाशी तो अलगद अडकला. जरासुद्धा फट राहिली नाही.

म्हातारा भिंग घेऊन वाकला. "अरे! बसला की बरोब्बर! म्हणजे हे तिचंच?" त्याला इतका आनंद झाला की त्याने टाळीच वाजवली. "हरवलेलं लेकराला परत मिळतंय. माझ्या हातून काहीतरी चांगलं झालं म्हणायचं."

"तुम्हाला कुठून मिळालं?"

"हो, ते लिहायचं राहिलंच बघा. विचारलं होतंत तुम्ही." म्हातारा ओशाळला. हिशेबातली चूक कुणी दाखवावी तसा. "आमच्या जुन्या गाडीत. म्हणजे आत नव्हे, पुढच्या काचेखाली जाळी असते ना, वायपरपाशी, तिथे अडकलेलं होतं. गाडी विकायच्या आधी धुवायला घेतली, तेव्हा हाताला लागलं. वाऱ्याने उडून आलं असणार कुठूनतरी."

कवळीवाल्याने कार्ड रुमालात ठेवलं. चारी टोकं एकेक करून दुमडली. म्हातारा अजून हसतच होता.

"वाऱ्याने नाही," कवळीवाला म्हणाला. "रस्ता ओलांडताना तिच्या हातात होतं. तुम्ही थांबला नाहीत."