साडेआठची बोहनी

“बोहनी झाली का रे?” दहाची नोट पुढे करत श्रेयाने विचारलं.

“कुठली? तुझीच वाट बघतोय.” सुशांतने नोट कपाळाला लावून रिकाम्या डब्यात टाकली आणि मोगऱ्याचा गजरा पानात बांधून दिला.

सकाळचे साडेआठ वाजले होते. दादरच्या फूलबाजारात शेजारची लक्ष्मीमावशी टोपली उपडी करून चहा पीत होती. तिने आधी सुशांतकडे, मग श्रेयाकडे बघितलं आणि उगाच कपात फुंकर मारली.

“काल किती उरलं?” श्रेयाने गजरा घेत विचारलं.

“तू गेलीस आणि तासाभरात माल खलास! झेंडूचं एक फूल राहिलं नाही. जादू आहे तुझ्या हाताला.”

श्रेया हसली. पण चालता चालता तिने तो हात बघून घेतला.

घरी आत्या तिला पनवती म्हणायची. बारावीच्या गणितात ती दोनदा नापास झाली, तेव्हा आत्याने सांगून टाकलं, “हिच्या हाताला यशच नाही. स्थळ बघा.” आईने भांडून जुलैच्या परीक्षेची संधी मिळवली होती. शेवटची. त्यासाठी श्रेया मेपासून रोज परळहून दादरला क्लासला येत होती.

पहिल्या दिवशी क्लासकडे पाय वळेना, म्हणून ती गजरा घ्यायला थांबली. दुसऱ्या दिवशी सुशांतने हाक मारली, “ए, काल तुझी बोहनी लय भारी लागली!” मग ते रोजचंच झालं. श्रेया वर्गात पुढच्या बाकावर बसू लागली. न येणारं गणित पुन्हा पुन्हा सोडवू लागली.

पेपरच्या सकाळी ती म्हणाली, “पेपर याच हाताने लिहायचाय रे.”

“त्याच हातावर माझं घर चालतंय. एक पेपर नाही चालणार?”

पेपर झाल्यावरही तिने बोहनी चुकवली नाही. निकाल लागला. गणितात एकाहत्तर.

पेढे घेऊन ती बाजारात गेली, तर सुशांत घरी गेला होता. पत्ता विचारत ती करी रोडला त्याच्या चाळीत पोचली आणि जिन्यातच थबकली. ना दसरा, ना दिवाळी. पण प्रत्येक दाराला झेंडूचं तोरण. नळाला माळ, सायकलला माळ, एका घरातल्या बुद्धमूर्तीपुढे फुलांची रास. मांजराच्या गळ्यातसुद्धा झेंडू.

सुशांतची आई, ललिताकाकू, दारातच बसल्या होत्या. तो अंघोळीला गेला होता.

“काकू, कुणाचं लग्न आहे?”

“लग्न कसलं गो! उरलेला माल हा. मेपासून रोज अर्ध्या टोपल्या परत येतात. फेकवत नाही, म्हणून वाटते.”

“पण… उरतो कसा?”

“उरणार नाही तर काय? बाजार पहाटे पाचचा. आणि आमचा झील सुशांत साडेआठपर्यंत एका गिऱ्हाइकाला फूल देत नाही. म्हणतो, बोहनी व्हायचीय.”