बायकोची कविता

खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आत त्याची बायको फोनवर कुणाला तरी कविता म्हणून दाखवत होती. "आब्लारा, आब्लारास, आब्लारा..." काय तो सूर, काय ती लय! फोनच्या स्पीकरवरून एक पुरुष म्हणाला, "व्वा! पुन्हा एकदा." तिने हसत हसत पुन्हा म्हटली.

नवरा हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊन बाहेर खिळून राहिला. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून यावं, तर याच्या वाट्याला तीन वाक्यं. दूध आण, कचरा टाक, पाय पूस. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"कोण होतं गं?" जेवताना त्याने विचारलं.

"वर्गातला. स्पॅनिशचा सराव करतो आम्ही."

तिच्या प्रवासकंपनीने तिला ही भाषा शिकायला लावली होती, हे खरं. पण सराव काय असा गोड गळ्याने करतात? मूर्ख समजते की काय ही आपल्याला?

खोदून विचारावं तर भांडण, गप्प बसावं तर घुसमट. शेवटी त्याने ठरवलं, भाषाच शिकायची. तिला न सांगता. एकदा ती कविता कळली की हिला रंगेहाथ पकडायचं. मग संसार राहो नाहीतर मोडो.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक वर्ग मिळाला. मंगळवार, शुक्रवार, संध्याकाळी पाच. घरी सांगायचं, कामात अडकलोय. शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या, त्याचे उच्चार ऐकून तर फारच हसायच्या. याचं लक्ष होतं कुठे! तो कानात प्राण आणून आपल्या त्या एका शब्दाची वाट बघत होता. 'मी बोलतो' झालं, 'मी बोललो' झालं, 'मी बोलत होतो' झालं. कविता काही येईना. बाईंना सरळ विचारायचीही सोय नव्हती. आपली बायको परक्या माणसाला काय ऐकवते, हे कुठल्या तोंडाने विचारणार?

घरी फोन चालूच होते. आत खिदळणं, बाहेर याचं जळणं. त्या रागात त्याने अभ्यास केला. रिकाम्या लिफ्टमधून वर जाताना क्रियापदं, खाली येताना क्रियापदं. जन्मात कधी नाही तो वर्गात पहिला यायला लागला.

आठव्या महिन्यात बाई खडू घेऊन उभ्या राहिल्या.

"आज 'मी बोललो असतो तर'. म्हणजे घडलेलं काहीच नाही, नुसतं मनात धरलंय, त्याची रूपं. सोपं आहे. 'ते बोलले' म्हणजे आब्लारोन. त्यातलं 'रोन' छाटायचं आणि 'रा' चिकटवायचं. नियमित क्रियापदं बिचारी गुणी असतात, कुरकुर करत नाहीत. म्हणा! आब्लारा, आब्लारास, आब्लारा, आब्लारामोस, आब्लाराइस, आब्लारान."

सगळा वर्ग म्हणाला. तीच लय, तोच सूर. हा मात्र आ वासून बसला.

"बाई, ही कविता नाहीये?"

"कविता कसली! पाढे आहेत हे. पाठ करा."

अरे देवा! पाढे! आठ महिने तो पाढ्यांवर जळत होता! त्याला इतकं हसू फुटलं की शेजारच्याने पाण्याची बाटली पुढे केली.

घरी तो दोन-दोन पायऱ्या ओलांडत चढला. बायको ओट्यापाशी भाजी चिरत होती. हा दारात उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून त्याने सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. 'बोलणे' संपल्यावर 'खाणे' घेतलं. कोमिएरा, कोमिएरास, कोमिएरा. एक चूक नाही.

तिचे डोळे चमकले. "अरे, हे तुला कसं येतं?"

"आठ महिने शिकतोय. मंगळवार, शुक्रवार." आज त्याच्या मनात काही म्हणता काही उरलं नव्हतं. त्याला तिचे लाड करावेसे वाटत होते.

"आठ महिने? मला न सांगता?"

"चोरून!" तो छाती फुगवून म्हणाला.

तिने सुरी खाली ठेवली. हात पुसले.

"उच्चार सुंदर आहेत," ती सावकाश म्हणाली. "शिकवतं कोण?"

बाईंचा चेहरा त्याला आज पहिल्यांदाच नीट आठवला. तो क्षणभर चाचरला.

तेवढं तिला पुरलं.